एक्क्याण्णव

पुस्तक इंग्रजी,
मॅडमचं शिकवणं निम्मं गुजराती,
आणि गणित अडतं ते मात्र मराठीत:
भागायचं कशाला, आणि कशानं?

दांडिया बाजारातल्या आमच्या दोन खोल्यांत
रात्री अकरानंतर ओटा माझा.
आईनं पुसून दिलेला, अजून ओलसर.
त्यावर वही, हेतलचा कॅल्क्युलेटर
(सातचं बटण दोनदा दाबावं लागतं)
आणि उद्याच्या चाचणीची चौदा उदाहरणं.

पहिल्या दिवशी फळ्यावर 'मोल' पाहिला
तेव्हा वाटलं, हा तर घरचाच शब्द.
आई मोलानं पोळ्या लाटते
अलकापुरीत, चार घरी.
पण हा मोल कशाचीच किंमत करत नाही,
नुसता मोजतो. डझनासारखा.
डझनात केळी, मोलात कण,
इतके, की शून्यं लिहून हात दुखावा
म्हणून दहाच्या डोक्यावर तेवीस बसवायचे.

मग ग्रॅमखाली ग्रॅम, तिरकी काट.
मोलखाली मोल, तिरकी काट.
खोपकर मॅडम म्हणतात, आकडे नंतर;
आधी एककं नीट नांदतात का ते बघ.
माझ्या सहा दशांश स्थळांवर
त्यांच्या लाल शाईत एकच ओळ:
तराजूला कळतं तेवढंच बोलावं.

बाबा पावणेबाराला आले
पादरा रोडवरच्या भट्टीवरून, पापण्या पांढऱ्या.
दारातच शर्ट झटकून मोरीत टाकला
आणि बनियनवर वहीत डोकावले.
म्हटलं, बाबा, हे तुमचंच आहे.
शंभर ग्रॅम चुनखडी भाजली
तर चुना किती?

"हे त्रैराशिक," ते म्हणाले,
"घाटगे मास्तर छडी घेऊन शिकवायचे."
आणि मी रेघ मारायच्या आत: "छप्पन्न."

छप्पन्नच. उरलेले चव्वेचाळीस वायू होऊन जातात.
"जातात ते माहीत होतं," म्हणाले,
"किती, ते कुणी सांगितलं नव्हतं."
मग स्टूल ओढलं.
"शेठही छप्पन्न म्हणतो.
शंभर किलो दगडामागे छप्पन्न किलो.
आमचे निघतात एक्कावन्न.
दर शनिवारी विचारतो, पाच कुठे गेले?
जसे काही आम्ही डब्यातून नेले."

एक्कावन्न भागिले छप्पन्न. शंभरनं गुणलं.
पडद्यावर आकड्यांची रांग,
वहीत मी दोनच घेतले: एक्क्याण्णव टक्के.
याला उतारा म्हणतात, बाबा.
उसाला असतो तसाच, दगडालाही.
पुस्तकात लिहिलंय, प्रत्यक्षात शंभर क्वचितच येतात.

"छापलंय?"
छापलंय.
"कितव्या पानावर?"
अठ्ठ्याऐंशी.
त्यांनी माझ्याकडून चिठ्ठीवर लिहून घेतलं,
पुस्तकाचं नाव, पान, ओळ,
आणि घडी घालून तंबाखूच्या डबीत ठेवली
शनिवारसाठी.

मग जरा थांबून:
"पण पाच कुठे गेले, ते आहे का त्यात?"

नव्हतं.
काही दगड गाभ्यात कच्चा राहतो, तेच म्हणाले,
काही चाळणीवरून उडतो,
आणि खोकले.

मोरीत आई शर्ट बुचकळत होती,
वेगळ्या बादलीत, वेगळ्या साबणानं.
मी पाण्यात बोटं घातली. बुळबुळीत.
जरा वेळानं चरचरायला लागली.
तिच्या बोटांची सालं दिवाळीपासून निघताहेत;
ती म्हणते, पिठानं होतं.

तेरावं उदाहरण मी मघाशी सोडून दिलं होतं:
चुन्याच्या निवळीचा सामू काढा.

आई, राहू दे ते. हात धू, खोबरेल लाव.
आणि बस इथे जरा,
माझं एक राहिलंय.